अठरा, म्हणजे चुकला

आर्डन टेस्केने जन्मात कुणाच्या तराजूवर विश्वास ठेवला नाही, आणि त्या अविश्वासाचा त्याला एकतीस वर्षं पगार मिळाला. तो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वजनमापांचा इन्स्पेक्टर होता. पेट्रोल पंपावर जायचं, डिकीतून पाच गॅलनचं माप काढून भरायचं आणि रेघ कुठे थांबते ते वाकून बघायचं. खाटकाकडे जायचं आणि पेटीतली पितळी वजनं एकेक करून त्याच्या काट्यावर ठेवायची. शेबॉयगन गावातले निम्मे दुकानदार त्याला बघून हसून नमस्कार करायचे, उरलेले नुसतेच हसायचे. आर्डनला दोघांचाही संशय यायचा.

त्याच्या धंद्यातल्या दोन गोष्टी तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. पहिली अशी, की इन्स्पेक्टर समोर उभा असताना प्रत्येक काटा साधू असतो. म्हणून नाव न सांगता गिऱ्हाईक पाठवायचं, दोन पौंड सॉसेज घ्यायला लावायचं आणि ते बाहेर गाडीत वजन करायचं. दुसरी अशी, की जो काटा कधी इकडे कधी तिकडे चुकतो तो बिघडलेला असतो, आणि जो नेहमी एकाच बाजूला चुकतो तो शिकवलेला असतो.

नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी ओरेगॉनला असायची आणि दर शनिवारी फोन करायची. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता आपल्याशी बोलते, असा आर्डनचा वहीम होता. तो खरा होता, पण म्हणून काय ते मुलीला बोलून दाखवायचं असतं? याने दाखवलं. मग दोन शनिवार फोन आला नाही.

उरला रविवार. फुटबॉलच्या मोसमात रविवारी दुपारी सगळं गाव टीव्हीपुढे बसतं. पण कोरीन मेंटिंकच्या, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जेवणाच्या टेबलाशी चार माणसं फासे घेऊन बसलेली असत. सोळा वर्षं हे चाललं होतं.

कोरीनने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावर कोण काय करतंय ते आरशात न बघता सांगणारी बाई, आवाज असा की गल्लीच्या टोकाला पोर थांबावं. खेळ ती चालवायची. म्हणजे गोष्ट तिने सांगायची आणि बाकी तिघांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. गुहा, पूल, राक्षस सगळं तिच्या तोंडात, आणि जगणं-मरणं वीस बाजूंच्या फाशावर. प्रत्येकाला एक बचावाचा आकडा असतो. राक्षसाने वार केला की कोरीन आपल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकणार, त्यात राक्षसाचं बळ मिळवणार आणि बेरीज सांगणार. बेरीज तुमच्या आकड्याला पोचली तर वार लागला, नाही पोचली तर चुकला. लागला की अंगातल्या ताकदीच्या आकड्यातून वजाबाकी, आणि ताकद संपली की माणूस मेला. फाशावर नुसते वीस पडले तर बेरीजबिरीज काही नाही, वार लागतोच आणि दुप्पट लागतो. पडद्याच्या पलीकडे कुणी डोकवायचं नाही. हा नियम पुस्तकात नाही, पण तो मोडलेला माणूस त्या टेबलावर अजून बसला नव्हता.

आर्डन व्हायचा हाल्डेक. हाल्डेक हा जाडजूड दाढीवाला ठेंगू, एका हातात आखूड हातोडा आणि दुसऱ्या हातात ढाल. ढालीवर तराजूचं चित्र. बचावाचा आकडा एकोणीस, त्यातले दोन नुसते ढालीचे. सोळा वर्षांत हाल्डेकचा कागद खोडून खोडून इतका झिजला होता की मागून चिकटपट्ट्या लावून तो उभा ठेवलेला होता.

ढालीवरून दर रविवारी एकदा तरी वाजायचंच. वाजवायचा डेनी विर्ट्झ. हा पोस्टमन. खेळात जादूगार, आणि एका कानात फुटबॉलची कॉमेंट्री.

"सोळा वर्षं त्या झाकणामागे बसलायस," डेनी म्हणायचा. "हाल्डेकने सूर्य तरी बघितलाय का रे? दोन हातांची कुऱ्हाड घे. एका घावात राक्षस आडवा. मेलेला राक्षस वार करत नाही."

"आणि मरेपर्यंत काय करतो? हाताची घडी घालून उभा राहतो?" आर्डन पेन्सिलीने कागदावर टकटक करायचा. "ढालीचे दोन म्हणजे विसातले दोन. दर दहा वारांत एक वार वाचला, मोजून. तुझी कुऱ्हाड काय देते? आशा."

"आशेवर माणूस जगतो."

"पंपावरचा माणूसही हेच म्हणाला होता. त्याचा पंप मी सील केला."

"तुमच्या दोघांत मी बसते म्हणून बरं," पा हुआ म्हणायची. "नाहीतर घटस्फोटच झाला असता." पा हुआ थाओ दातांच्या दवाखान्यात कामाला होती, चौतिशीची, टेबलावरची सगळ्यात लहान. सहा वर्षांपूर्वी आली, पण घरच्या वळणाने मोठ्यांशी अजून जपून बोलायची. खेळात मात्र ती तिरंदाज होती आणि कुणालाही जपायची नाही.

कोरीन या भांडणात पडायची नाही. एकदाच म्हणाली होती. "ढाल घेणाऱ्याला वाटतं, सगळे आपल्यावरच वार करतायत." यावर डेनी इतका हसला की कानातलं यंत्र बशीत पडलं. आर्डन हसला नाही. सगळे आपल्यावरच वार करतायत हे त्याच्या मते उघड होतं, त्यात हसण्यासारखं काय?

एप्रिलमध्ये आर्डनच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट बसले, पाच आठवडे घरात गेले. मे महिन्यात तो टेबलावर परतला तेव्हा डेनीने त्याची खुर्ची ओढून दिली. एवढ्यावरच त्याचे कान उभे राहिले. सोळा वर्षांत डेनीने कुणाची खुर्ची ओढून दिली नव्हती.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पूर्वी खेळ आळीपाळीने सगळ्यांच्या घरी व्हायचा, आता दर वेळी कोरीनच्याच घरी. का, तर तिची गाडी गॅरेजात आहे. कसली गाडी सहा महिने गॅरेजात असते? पूर्वी ती दुकानातून छापील मोहिमेचं पुस्तक आणायची आणि पानं उलटत खेळवायची. आता पुस्तक बंद, सगळं मनाने. "मला आता सुचतं," म्हणे. पूर्वी राक्षसांच्या बोटभर बाहुल्या ती स्वतः रंगवायची, अगदी डोळ्यांच्या बाहुल्यांसकट. उन्हाळ्यात आलेले राक्षस सगळे राखाडी, कोरे. आणि बोलताना ती नजर मिळवीनाशी झाली होती. आर्डनशी बोलायची ते त्याच्या कानाशेजारी बघून. माप मारणारा दुकानदार नेमका तिथेच बघतो. कानाशेजारी.

पण हे सगळं बाजूला राहू द्या. खरी गोष्ट होती आकड्यांची.

जून महिन्यात एका दलदलीत हाल्डेक मरायला टेकला होता. कोरीन म्हणाली, "अठरा, म्हणजे चुकला." सगळ्यांनी श्वास सोडला. पुढच्या रविवारी पुन्हा तो टेकीला आला, पुन्हा अठरा. त्याच्या पुढच्याला सतरा. एकोणिसाला एक कमी, नाहीतर दोन कमी. आर्डन घरी गेला, हाल्डेकचा कागद उलटा केला आणि मागे रेघोट्या मारायला सुरुवात केली. ऑक्टोबरपर्यंत हाल्डेकवर अठ्ठेचाळीस वार झाले. अंगात ताकद भरपूर असताना निम्मे लागले. ताकद दहाच्या खाली गेल्यावर अकरा वार झाले, आणि अकराच्या अकरा चुकले.

आणि शेवटचा पुरावा त्याने कानाने पकडला. फासा लाकडावर पडतो तेव्हा आधी खडखडतो, मग एकदा टक करतो आणि थांबतो. कोरीन आता टक व्हायच्या आधीच आकडा सांगत होती.

काटा एकाच बाजूला चुकत होता. म्हणजे शिकवलेला होता. आणि तो कुणी शिकवला, कशासाठी शिकवला, हे कळायला इन्स्पेक्टर कशाला हवा? आर्डनच्या छातीत दोन नळ्या होत्या. त्याचा हाल्डेक मेला तर म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून ही बाई राक्षसाचा हात धरत होती. कीव करत होती. डेनी आणि पा हुआ यांनाही ते ठाऊक असणार, कारण तो अंगणात आला की दोघं बोलायचे थांबत. तीनदा थांबले होते. तारखा लिहिलेल्या होत्या.

आर्डनला याचा राग आला आणि रागाहून जास्त भीती वाटली. कीव म्हणून जगवलेल्या हाल्डेकला घेऊन तो त्या टेबलावर बसणार नव्हता. चोरी सिद्ध झाली तर उठावं लागणार, मग पुन्हा तिथे पाऊल नाही. आणि ते टेबल सुटलं तर रविवारी बसायला त्याला या गावात दुसरी खुर्ची नव्हती. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरीही गप्प बसणं त्याला जमणारं नव्हतं. काही माणसांना दुखऱ्या दाताला जीभ लावल्याशिवाय चैन पडत नाही.

आता पकडायचं कसं? पडद्याआड डोकवायचं नाही. तोंडावर विचारलं तर नाहीच म्हणणार. तेव्हा तेच जुनं, नाव न सांगता गिऱ्हाईक पाठवायचं. कोरीनला सगळ्यांचे आकडे तोंडपाठ होते. ती एकोणीस धरून अठरा म्हणत होती. मग आकडाच बदलला तर?

शनिवारी दुपारी, मुलीचा फोन झाल्यावर, त्याने स्वयंपाकघरात बसून खोडरबर घेतलं. 'ढाल' या शब्दावर ते ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसला. सोळा वर्षं त्या जागी दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी घासलं. कागदाला भोक पडलं, त्याने मागून नवी चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, 'कुऱ्हाड, दोन हातांची'. एकोणीस खोडून सतरा केले. उघड्यावर कपडे काढायला लावल्यासारखं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी कोरीन ओव्हनमधून चीज-बटाट्याचं भांडं काढायला आत गेली, तेव्हा आर्डनने घसा साफ केला आणि कोर्टात बोलावं तसा बोलला.

"हाल्डेकने ढाल सरायवाल्याकडे ठेवली आहे. हातात दोन हातांची कुऱ्हाड. बचावाचा आकडा सतरा. ऐकलंत दोघांनी?"

डेनीने कानातलं यंत्र काढलं. "काय? तू? ढाल? डॉक्टरने गोळ्या बदलल्या का रे?"

"ऐकलंत का एवढंच सांगा."

"ऐकलं," पा हुआ म्हणाली. "पण कोरीन आत आहेत. त्यांना सांगायला..."

"हत्यार बदललं तर टेबलावर मोठ्याने सांगायचं, असा नियम आहे. मी मोठ्याने सांगितलं." नियम पाळून लबाडी कशी करायची हे आर्डनला कुणी शिकवायला नको होतं, जन्मभर त्याने तीच पकडली होती.

कोरीन भांडं घेऊन आली. टेबलावर ठेवताना तिने आधी एका बोटाने टेबलाची कड चाचपली. आर्डनने तेही बघितलं, आणि हात अडखळतोय, मनात खोट आहे, अशी नोंद केली.

गोष्ट एका पुलाशी आली होती. पुलाखाली दोन सोटे घेऊन एक अजस्र राक्षस. त्याचं बळ आठ, म्हणजे फाशावर पडेल त्यात आठ मिळवायचे. हाल्डेक पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याने एकदाही वार केला नाही. "मी वाट अडवतो, तुम्ही मारा," एवढंच म्हणत राहिला. कुऱ्हाड उचलली असती तर कोरीनला कळलं असतं.

"बावीस," कोरीन म्हणाली. "लागला."

लागला. पुढच्या फेरीत "एकवीस," तोही लागला. एक वार डेनीलाही बसला. आर्डनच्या कागदावर एक्केचाळिसावरून ताकद सहावर आली. तो नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला, "हाल्डेकचे सहा उरले." आणि कान लावून बसला.

राक्षसाने उजवा सोटा उचलला. पडद्याआड फासा पडला. खडखड अजून चालू होती.

"अठरा," कोरीन म्हणाली, "म्हणजे चुकला." मग फासा टक झाला.

"लागला," आर्डन म्हणाला.

"अठरा रे. तुझा एकोणीस."

"आज माझा सतरा. ढाल सरायवाल्याकडे ठेवलीय. तू आत होतीस तेव्हा सांगितलं, विचार या दोघांना. अठरा म्हणालीस ना? मग हाल्डेक मेला. की आता आकडा बदलतेस?"

तिचा चेहरा पडद्यामागे अर्धाच दिसत होता.

"आर्डन, जाऊ दे," डेनी म्हणाला.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं!"

"माहीत कसलं? वाटत होतं. तुझं ते छातीचं झाल्यापासून ती जरा... आम्ही म्हटलं, करतेय तर करू दे, चांगलंच आहे."

"आम्ही तुम्हाला फसवत नव्हतो," पा हुआ म्हणाली. "आम्हाला फक्त तुम्ही यायला हवे होतात."

झालं. सिद्ध झालं, साक्षीपुराव्यानिशी. आर्डनला वाटलं होतं की या क्षणी बरं वाटेल. पंप सील करताना वाटायचं. आज तसं काही वाटलं नाही. तो उठला, कोट घ्यायला नव्हे, तर जे सोळा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते करायला. टेबलावर हात टेकून तो पुढे वाकला आणि पडद्याच्या वरून पलीकडे बघितलं.

फाशावर चार होते.

त्याने पुन्हा बघितलं. चार. चार आणि आठ बारा. बारा म्हणजे एकोणिसालाही चुकला, सतरालाही चुकला. हाल्डेक नागडा उभा असता तरी बहुधा चुकला असता. मग ही अठरा का म्हणाली? वाचवायलाच निघालेल्या बाईला इथे खोटं बोलायची गरजच काय होती? नुसतं खरं बोलली असती तरी तो वाचत होता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने असा दुकानदार बघितला नव्हता, की ज्याचं वजन खरं असताना तो खोटं सांगतो.

"कोरीन," तो म्हणाला, "फाशावर किती आहेत?"

तिने मान किंचित तिरकी केली आणि फाशाच्या शेजारी बघितलं. जसं त्याच्या कानाशेजारी बघायची तसंच.

"दहा," ती म्हणाली.

"चार आहेत."

"चार का?" तिने विचारलं. त्यात सारवासारव नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डेनीने टेबलावर काढून ठेवलेल्या कानातल्या यंत्राचा बारीक आवाज बंद केला. कोरीनने हात पुढे करून फासा चाचपला, उचलला आणि मुठीत धरला.

"डोळ्यांच्या मधोमध दिसायचं गेलंय," ती म्हणाली. "जानेवारीपासून. कडा दिसतात, मध्ये धुकं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं, मग तोंड थोडं थोडं दिसतं. गाडी कधीच विकली. इंजेक्शनं देतात डोळ्यात, पण आकडे काही परत आले नाहीत."

"आणि तू आकडे मनाने सांगत होतीस?"

"मग काय करू? गोष्ट मला येते, राक्षस मला येतात. एक फासा तेवढा दिसत नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अंगात ताकद असली की वार लावायचा. मरायच्या जागी आलं की चुकवायचा. न बघितलेल्या आकड्यावर मी कुणाला मारणार नाही, आर्डन. ते मला जमत नाही."

"म्हणजे माझ्या छातीसाठी नाही?"

"तुझ्या छातीचा काय संबंध? सगळ्यांचंच तसं चाललंय. डेनी तर उन्हाळ्यात चारदा मेला असता."

"मी?" डेनी म्हणाला. "मला वाटलं मी हुशारीने खेळतोय."

आर्डन तसाच वाकलेला होता. अठ्ठेचाळीस वार त्याने मोजले होते, तारखांसकट, पण सगळे स्वतःवरचे. शेजाऱ्याला किती लागतात, किती चुकतात, याची एक रेघ नाही. एकाच काट्याची तपासणी करून अख्खं दुकान सील करायला निघालेला इन्स्पेक्टर त्याने स्वतः नोकरीवरून काढला असता.

"आम्हाला सांगायचं ना," पा हुआ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "एवढंच होतं तर."

"तुम्हाला दोघांना सांगितलं असतं." कोरीनने मान आर्डनच्या बाजूला वळवली आणि त्याच्या कानाकडे बघितलं. "पण याला कळलं असतं ना! मला दिसत नाही म्हटल्यावर याने माझा एक तरी आकडा मानला असता का? दर फाशाला उठून बघितलं असतं. असल्या खेळापेक्षा नसलेला बरा. म्हणून म्हटलं, चालेल तितके दिवस चालवू." तिने पडद्याची घडी घालायला हात लावला. "चाललं. आता पुरे."

आर्डनला ते लागलं. खोलवर लागलं, कारण ते खरं होतं. त्याच्यापासून लपायलाच तिने तो पडदा उभा धरला होता. मुलीसारखंच हिलाही त्याने दूर लोटलं होतं, फक्त हिने दोन शनिवार फोन बंद करण्याऐवजी आकडे बनवले होते.

तो आपल्या खुर्चीशी गेला. डेनीला वाटलं, आता कोट घेणार. आर्डनने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि कोरीनच्या शेजारी, पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवली. मग बसला.

"राक्षसाला दोन सोटे आहेत," तो म्हणाला. "एक चुकला. बारा. दुसरा टाक. मी वाचतो."

कोरीनने घडी अर्धवट सोडली. "पडदा काढू?"

"असू दे. तुला सवय आहे."

तिने मूठ उघडून फासा सोडला. खडखडला, टक झाला आणि थांबला.

वीस.

आर्डनला आधी कळलंच नाही की आपण काय बघतोय. मग कळलं. नुसते वीस. लागतोच, आणि दुप्पट. हाल्डेकचे सहा उरले होते. पलीकडून डेनी आणि पा हुआ पडद्याच्या पाठीकडे बघत होते. त्यांना काही दिसत नव्हतं. कोरीनला तर नव्हतंच. सगळ्या जगात तो फासा एकट्या आर्डनला दिसत होता. सात म्हणालं की झालं. सात, म्हणजे पंधरा, म्हणजे चुकला. सोळा वर्षांचा ठेंगू पूल ओलांडून सरायीत जाईल आणि आपली ढाल मागेल. त्याच्या जिभेवर सात आले होते. इतके महिने दर रविवारी ही बाई या जागी कशी बसत असेल, ते त्याला तेव्हा समजलं.

"वीस," तो म्हणाला.

"किती?" कोरीनने विचारलं.

"नुसते वीस."

ती त्याच्या कानाकडे बघत राहिली. "खरं बोलतोयस ना? आताच माझं खोटं पकडलंस, आणि पहिल्याच फाशाला तुझे वीस? मला बरं वाटावं म्हणून तर मरत नाहीस ना?"

आता संशय त्याच्यावर होता, आणि काट्यावर ठेवायला त्याच्याजवळ एकही पितळी वजन नव्हतं. त्याने घाईने हात उंचावला. "पा हुआ, इकडे ये. ये, बघून सांग हिला."

पा हुआ उठायला लागली.

"बस खाली," कोरीन म्हणाली. "कशाला बघायला पाहिजे? आर्डन म्हणतोय वीस, तर वीस."

तिने एका दमात म्हटलं ते. आर्डनला आयुष्यभरात ते कुणाबद्दलही म्हणता आलं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं आणि उगाचच हाल्डेकचा कागद सरळ केला.

मग तिने घाव किती खोल ते ठरवणारे फासे टाकले आणि त्याने तेही वाचले, एकेक करून. बेरीज सांगायचीही गरज नव्हती. कोरीनने राक्षसाचा सोटा उचलला, पूल हलवला, आणि हाल्डेकला असं पाडलं की डेनीसारखा डेनी टेबलावर कोपर टेकून डोळे चोळायला लागला. बाहुल्या कोऱ्या होत्या, पण गोष्ट कोरी नव्हती. आर्डन रडला, आणि त्याने ते लपवलं नाही.

"ढाल असती तर..." डेनी हळूच म्हणाला.

"असती तरी लागला असता," आर्डन म्हणाला. "विसाला ढाल नसते." त्याने नाक पुसलं, खुर्ची आणखी थोडी कोरीनजवळ ओढली आणि फासा तिच्या हातात दिला. "राक्षस अजून जिवंत आहे. टाक."

ती त्याच्या कानाकडे बघून हसली. "आता कुणावर?"

"डेनीवर," आर्डन म्हणाला. "त्याचं चारदा मरायचं बाकी आहे."